सरडूबाई आणि शेंगांची टोपली

या बरं, जवळ सरका. घाई करायची नाही हं, कारण आपली सरडूबाई हळूहळू चालते.

एक होती सरडूबाई. कडुलिंबावर राहायची. तिचा एक डोळा पुढे, एक डोळा मागे. एक पाऊल टाकायची, डुलायची, मग दुसरं टाकायची. डुगु डुगु, डुगु डुगु.

एकदा तिला भेटला एक हिरवा सरडा. त्याने अंगावर छान छान रंग आणले. मान हलवली. सरडूबाईला तो आवडला. दोघांचं जमलं. थोड्या दिवसांनी सरडूबाईचं पोट फुगलं टम्म. पोटात होती पंचवीस अंडी.

अंडी काही फांदीवर राहत नाहीत. ती मातीत ठेवायची असतात. म्हणून सरडूबाई खाली उतरली. तिने खड्डा खणला. खुरु खुरु, खुरु खुरु. सकाळपासून खणला. मग जरा दम खायला बाजूला बसली. तेवढ्यात खड्ड्यावर आली शेंगांची टोपली. धप्प.

खड्डा गेला. अंडी तर आजच यायची होती. दुसरा खड्डा खणायला अंगात जोर नव्हता. सरडूबाई घाबरली.

"टोपली, टोपली, बाजूला हो.
अंडी कुठे ठेवू?"

टोपली म्हणाली, "मला कुठे पाय आहेत? मावशी उचलेल, तर हटेन."

डुगु डुगु, सरडूबाई गेली सगुणामावशीकडे. मावशी शेंगा तोडायला आली होती. टोपली तिचीच.

"मावशी, मावशी, ऊठ ना.
टोपली हटेना.
अंडी कुठे ठेवू?"

मावशी म्हणाली, "बाळ झोपत नाही. झोका देऊन हात दुखले. बाळ निजेल, तर उठेन."

डुगु डुगु, सरडूबाई गेली बाळाकडे. बाळ झोळीत होतं. ट्यँहँ ट्यँहँ रडत होतं.

"बाळा, बाळा, नीज ना.
मावशी उठेना.
टोपली हटेना.
अंडी कुठे ठेवू?"

बाळ म्हणालं, "झोळी झुलेल, तर निजेन. ट्यँहँ."

झोळी होती जुन्या लुगड्याची, फांदीला बांधलेली. डुगु डुगु, सरडूबाई गेली झोळीच्या गाठीपाशी.

"झोळी, झोळी, झूल ना.
बाळ निजेना.
मावशी उठेना.
टोपली हटेना.
अंडी कुठे ठेवू?"

झोळी म्हणाली, "फांदी हलेल, तर झुलेन."

डुगु डुगु, सरडूबाई गेली फांदीवर.

"फांदी, फांदी, हल ना.
झोळी झुलेना.
बाळ निजेना.
मावशी उठेना.
टोपली हटेना.
अंडी कुठे ठेवू?"

फांदी म्हणाली, "वारा येईल, तर हलेन."

डुगु डुगु, सरडूबाई गेली पार शेंड्यावर. वारा टेकडीमागे लोळत पडला होता.

"वाऱ्या, वाऱ्या, ये ना.
फांदी हलेना.
झोळी झुलेना.
बाळ निजेना.
मावशी उठेना.
टोपली हटेना.
अंडी कुठे ठेवू?"

वारा म्हणाला, "मला आलाय कंटाळा. हसू येईल, तर येईन."

आता हसवायचं कसं? सरडूबाईलाच रडू आलं. पोट जड झालं होतं. पाय दमले होते.

तेवढ्यात शेंड्यावर आला एक भलताच सरडा. ऐटबाज. छाती पुढे, मान वर. अंगावर लाल, पिवळे, निळे रंग. सरडूबाईपुढे नाचायला लागला. त्याला लग्न करायचं होतं, आत्ताच्या आत्ता.

सरडूबाई वैतागली. तिने अंग केलं काळंभोर. त्यावर आणले पिवळे ठिपके. तोंड उघडलं, आऽऽ. सरड्यांच्यात याचा अर्थ एकच. नको म्हणजे नको.

सरडा दचकला. फांदीला गुंडाळलेली त्याची शेपटी सुटली. तो घसरला, लोंबकळला, आणि खाली गवतात पडला. धुप्प. तोंड पांढरंफटक.

वाऱ्याला आलं हसू. फूऽऽ फूऽऽ. हसत हसत तो टेकडीवरून आला.

वारा आला, फांदी हलली.
फांदी हलली, झोळी झुलली.
झोळी झुलली, बाळ निजलं.
बाळ निजलं, मावशी उठली.
मावशी उठली, टोपली हटली.

खाली दिसला खड्डा. जसाच्या तसा. आणि झाडावरून उतरत होती सरडूबाई, डुगु डुगु, टम्म पोट घेऊन.

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं.

"अगं बाई, बाळंतपण होय तुझं? ये, बस निवांत. मी आहे इथे."

मावशी पाठ करून बसली. कुणाला तिकडे येऊ दिलं नाही.

सरडूबाईने अंडी ठेवली. एक, दोन, तीन, अशी पंचवीस. वर माती लोटली. पायांनी दाबली. थप थप, थप थप. पोट झालं रिकामं. मग लागली भूक.

बाळंतिणीला उपाशी कसं पाठवायचं? मावशीने टोपली हलवली. शेंगांतून उडाला एक जाडजूड नाकतोडा. सरडूबाईची लांब जीभ सुटली. लप्प. गट्टम.

मग ती झाडावर गेली, फांदीला शेपटी गुंडाळली, आणि ढाराढूर झोपली.

खूप खूप दिवस गेले. एके सकाळी माती हलली. एक नाक बाहेर आलं, तांदळाएवढं. मग दुसरं. मग खूप सारी. इवलीशी पिल्लं उन्हात आली. आई जवळ नव्हती. कुणी काही शिकवलं नव्हतं. तरी एकाने पाऊल टाकलं, ते डुललं, आणि मग त्याने दुसरं टाकलं.

डुगु डुगु, डुगु डुगु.