सगुणाच्या पदरावरचं तळं

चंदनपूरच्या तळ्याचा कारभारी यंदा रयतेनं निवडायचा होता. उभे दोघंच. एक सर्जेराव, दुसरी शेतकऱ्याची लेक सगुणा. दोघांची माहिती गावाला द्यायची खंडूजी दवंडीवाल्यानं. तो काय सांगायचा?

"ऐका हो ऐका! सर्जेराव तळ्याचा बांध उंच करणार! आणि सगुणाबाई आज हिरवं लुगडं नेसल्यात! उपासाचा वरीचा भात जरा गिचकाच झाला म्हणे!"

सगुणा तडक दरबारात गेली.

"महाराज, खालच्या आळीला उन्हाळाभर पाणी नाही. माझ्याजवळ उपाय आहे. पण गावाला माझा भातच तेवढा ठाऊक!"

"बाईमाणसाचं लोकांना हेच ऐकायचं असतं, महाराज!" दरबारातच उभा असलेला खंडूजी म्हणाला.

राजा मोठा हट्टी! "मी खंडूजीला हुकूम करणार नाही. तू त्याला विनवायचं नाही, लाच द्यायची नाही, स्वतःही कुठं बोलायचं नाही. तरी परवापर्यंत तुझा उपाय त्याच्याच तोंडून गावानं ऐकला पाहिजे. नाहीतर माघार घे!"

"देव पाठीशी आहे, महाराज," म्हणत सगुणा घरी गेली. देवापुढं निरांजन लावलं आणि सुईदोरा घेऊन बसली.

तिसऱ्या दिवशी ती चौकातून मुकाट्यानं देवळाकडं निघाली. खंडूजीचे डोळे लकाकले. ढोल वाजला.

"ऐका हो ऐका! सगुणाबाईंचं नवं लुगडं! पदरावर निळ्या दोऱ्यानं तळं भरलंय! त्यातून दोन पाट निघालेत! वरच्या आळीच्या पाटावर लिहिलंय सोमवार ते बुधवार! खालच्या आळीच्या पाटावर गुरुवार ते शनिवार! काठाला माणसं गाळ उपसताहेत, गाळाच्या पाट्या शेतात चालल्यात!"

"अगं बाई! म्हणजे आपल्यालाही तीन दिवस पाणी!" खालच्या आळीची भागिरथीआजी ओरडली. "आणि काय हो, सर्जेरावांच्या फेट्यावर काय भरलंय?"

"काही नाही, आजी. कोराच आहे!"

चौक खदखदून हसला! सज्जात उभा असलेला राजा खाली आला.

"खंडूजी, अरे, सगळा उपाय सांगितलास की तू!"

"मी? मी तर लुगडंच सांगत होतो, महाराज!"

राजानं सगुणाकडं पाहिलं. "पोरी, हे सुचलं तरी कसं?"

सगुणानं नमस्कार केला. "खंडूजींना माझ्या लुगड्यापलीकडं काही दिसेना, महाराज. मग म्हटलं, तळंच इकडं आणावं!"

राजा पोट धरधरून हसला. दुसऱ्या दिवशी दोन्ही आळ्यांनी सगुणालाच निवडलं. राजानं तिला मानाचा रेशमी शेला दिला, तोही मुद्दाम कोरा!

"घे," तो म्हणाला, "अजून पुष्कळ कामं व्हायचीत गावाची!"