कोंडाबाईचा कंद

कुंभेवाडीच्या कोंडाबाईचा कंद दुखऱ्या गुडघ्यांना असा लागू पडायचा, की काठी टेकत आलेला माणूस काठी विसरून घरी जायचा. ही कीर्ती ऐकून शहरातले मोठे संशोधक खांडेपारकर श्रावणात आले, कंद खणून घेऊन गेले आणि भाद्रपदात कागद नाचवत परतले.

भरल्या चावडीत म्हणाले, "बाई, यंत्रानं तपासलं. तुमच्या कंदात औषधाचा अंशही नाही. उद्या हा अहवाल सरकारात धाडतो. लोकांना फसवणं बंद करा!"

सासूनं दिलेली विद्या एका कागदानं खोटी पडायची वेळ आली. पण कोंडाबाई डगमगली नाही.

"साहेब, दमून आलात. हा चावडीपुढचा आंबा साखरेसारखा गोड आहे. एक तोडून खा."

"भाद्रपदात आंबा? खुळ्या का काय तुम्ही?"

"मग लिहा की, या झाडाला गोडीच नाही म्हणून!"

चावडी खदखदून हसली.

मग कोंडाबाई म्हणाली, "श्रावणात वेल हिरवी, म्हणून तुम्हाला ओळखू आली. पण तेव्हा सगळा कस पानांत असतो. पानं झडली की तो कंदात उतरतो. आम्ही श्रावणात वेलीपाशी खुणेचा दगड ठेवतो, नि खणतो वैशाखात."

माणूस खरा विद्येचा! अहवाल तिथंच फाडून त्यानं रानात खुणेचा दगड स्वतः ठेवला. वैशाखात येऊन कंद नेला, आणि यंत्रानं कोंडाबाईच्या बाजूनं कौल दिला.

नवा अहवाल घेऊन तो आला, तेव्हा तिनं त्याच झाडाचा पिकला आंबा त्याच्या हातावर ठेवला.

"घ्या साहेब, आता तपासा."