अंगणभर मालक

"आज सांजेची घंटा होईपर्यंत कोठारातलं सगळं संपलं पाहिजे! एक अंडं, एक थेंब तूप उरता कामा नये!" बोनिफास जमीनदाराने फर्मावलं.

रेजिनने मान डोलावली. यात नवं काहीच नव्हतं. आज इंत्रुज, म्हणजे उपासाच्या काळाआधीचा शेवटचा दिवस. उद्या राखेचा बुधवार. कपाळावर राख लावायची, की ईस्टरपर्यंत मांस-अंड्याचं नाव नाही. म्हणून आज वसईकडच्या या गावात घरोघर डुकराचं इंद्याल रटरटायचं, ताडीत भिजवलेल्या पिठाचे फुगे तळायचे, आणि उरेल ते वाटून टाकायचं. मालकाच्या स्वयंपाकघरात रेजिन वर्षानुवर्षं हेच करत आली होती.

"पण यंदा या घरच्या माणसांखेरीज कुणाच्या तोंडात घास जायचा नाही," जमीनदार म्हणाला. "टाकायचं नाही, पुरायचं नाही, कुत्र्यामांजरांना घालायचं नाही!"

"घरची माणसं किती, मालक?"

"मी आणि आत्या."

आत्याच्या तोंडात दात नव्हते, आणि पेजेखेरीज तिला काही पचत नव्हतं.

"असं का, मालक?"

"का म्हणजे? डुक्कर माझं, तूप माझं, आणि गाव गोडवे गातं तुझे! काही उरलं तर उद्या झोपडी रिकामी कर. मला दुसरी स्वयंपाकीण मिळेल."

केळीच्या बागेतली ती झोपडी तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधली होती. नवरा गेला, झोपडी तेवढी राहिली. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण पीठ फुगून परातीबाहेर येऊ लागलं होतं.

तिने पीठ मळलं, मसाला वाटला आणि कळशी घेऊन विहिरीवर गेली. तिथल्या बायांना तिने विचारलं, "तुमच्या नवऱ्यांचे लग्नातले काळे कोट अजून अंगात शिरतात का गं?"

दुपारी जमीनदार भरपेट जेवला. फाटकावर त्याने सांतान राखणदाराला बसवलं. "घरच्याशिवाय कुणी आत आलं, तर तुझी धडगत नाही!" एवढं बजावून तो बनियन-लुंगीवर आडवा झाला.

जाग आली ती गलक्याने. तो तसाच बाहेर आला. अंगणात पंगत बसली होती. प्रत्येकाच्या अंगात त्याच्यासारखाच काळा कोट, कोटाच्या आत पोटाला उशी, डोक्यावर गवती टोपी, ओठांवर काथ्याच्या मिशा आणि शेजारी काठी. एका जमीनदाराच्या मांडीवर तान्हं मूल होतं. सगळे मन लावून जेवत होते.

"सांतान! हे कोण सगळे?"

सांतानने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हे मालक. तुम्ही कोण?"

"अरे, मी मालक!"

"मालक कोटाशिवाय अंगणात येत नाहीत. थांबा, आत्यांना विचारून येतो." सांतान आत जाऊन आला. "आत्या म्हणतात, बोनिफास मघापासून जेवतोय."

जमीनदार पाय आपटत स्वयंपाकघरात शिरला. "रेजिन! बाहेरचे लोक जेवताहेत!"

"कोण बाहेरचं, मालक? इंत्रुजला जो ज्याचं सोंग घेईल, तो घंटा होईपर्यंत तोच, ही इथली रीत. तुमचे आजोबा बिशप व्हायचे, तेव्हा गाव गुडघे टेकून त्यांच्या हाताचा मुका घ्यायचं. तेव्हा आज दुसरं कुणीच जेवलेलं नाही. तुम्हीच जेवलात. बऱ्याचदा जेवलात!"

जमीनदाराने कोठार उघडलं. अंड्यांची टोपली रिकामी, तुपाचं मडकं पुसून घेतलेलं. इंद्यालचं भांडं तर घासूनही झालं होतं. पण परातीत एक फुगा होता.

त्याने पाट ओढला आणि त्या फुग्यासमोर मांडी ठोकून बसला. "हा उरलाय! अंगणातल्या मालकांना आता ढेकरसुद्धा देववत नाही. आणि मी हा खाणार नाही! होऊ दे घंटा!"

रेजिनला घाम फुटला. तिने तो पदराने टिपला.

"नका खाऊ, मालक. पण आता मला झोपडीबाहेर कसं काढाल? ती तर तुम्ही मला देऊन टाकलीत."

"मी? कधी?"

"आज. हात धुवायला आलात की दर वेळी म्हणालात, 'रेजिन, झोपडी कायमची तुझी!' एकदाही विसरला नाहीत."

"साफ खोटं! साक्षीला कोण आहे?"

"तुम्हीच की! बाहेर बसलाय सगळे. बोलावू?"

जमीनदाराने खिडकीतून पाहिलं. अंगणभर बोनिफास एकाच वेळी माना डोलावत होते. त्याने मिशी पिळली. बाहेर सगळ्यांनी मिशा पिळल्या. एकाची हातात आली.

मग मात्र जमीनदाराला हसू फुटलं! पोट धरधरून हसता हसता त्याने समोरचा फुगा उचलून तोंडात टाकला, आणि तो गिळतो न गिळतो तोच चर्चची घंटा वाजली.

"एवढ्या वेळा बोललोय, म्हणजे दिलीच असणार!" तो डोळे पुसत म्हणाला. "झोपडी तुझी! भोवतालच्या केळीही तुझ्या!"

"केळींचं तुम्ही कुणीच बोलला नव्हता, मालक."

"ते मी बोललो!" जमीनदार छातीवर हात मारून ओरडला. "मी! हा, बनियनमधला!"