सुटलेली ओळ

फार पूर्वी, दूरच्या एका डोंगराळ मुलखात एक ख्रिस्ती मठ होता. घरदार सोडून देवाला वाहून घेतलेल्या वीस संन्यासिनी तिथे राहत आणि एकमेकींना बहीण म्हणत.

तेव्हा छपाई नव्हती. पुस्तक हवं असेल तर ते हाताने उतरवून काढावं लागे, आणि हे काम पुरुषांच्या मठांकडेच असे. या मठाच्या प्रमुख असलेल्या थोरल्या माईंनी बिशपकडे, म्हणजे त्या भागाच्या मुख्य धर्मगुरूंकडे, तीनदा विनवणी केली, तेव्हा कुठे त्यांना उतरवायला एक पुस्तक मिळालं. देताना बिशप म्हणाले, "एक जरी चूक सापडली, तरी काम बंद."

पुस्तक औषधांचं होतं. मठात सर्वांत सुंदर अक्षर गिझेलाचं. तिने सात महिने खपून ते उतरवलं आणि नवी प्रत घाटापलीकडे, यात्रेकरूंच्या दवाखान्याकडे रवाना झाली. सगळ्या बहिणींनी गिझेलाचं कौतुक केलं.

आठ दिवसांनी आजाऱ्यांची सेवा करणारी म्हातारी बेर्टा मूळ पुस्तक घेऊन आली. "माझी नजर अधू झाली गं. गुडघेदुखीचं औषध तेवढं वाचून दाखव."

गिझेला वाचू लागली. "बचनागाचं मूळ पाण्यात उकळावं. त्या पाण्याने गुडघे शेकावेत. विषारी आहे, पोटात घेऊ नये."

ती थबकली. या शेवटच्या दोन ओळी आपण लिहिल्याचं तिला आठवेना. तिने खाली पाहिलं. पुढचं औषध खोकल्याचं होतं. "ज्येष्ठमध पाण्यात उकळावं. गाळून रोज सकाळी चार चमचे प्यावं."

'पाण्यात उकळावं' हे शब्द दोन्हीकडे होते. लिहिताना तिची नजर पहिल्यावरून घसरून थेट दुसऱ्यावर गेली होती. म्हणजे नव्या प्रतीत लिहिलं होतं, की गुडघे दुखत असतील तर बचनागाचं पाणी प्यावं!

"काय झालं गं?" बेर्टाने विचारलं.

"काही नाही," गिझेला म्हणाली.

त्या दिवशी तिने चूक कुणालाच सांगितली नाही. बचनाग विषारी असतो हे तिथल्या लोकांना ठाऊक असेलच, असं ती मनाला समजावी. लगेच दुसरं मन विचारी, नसेल तर? दुसऱ्या दिवशीही ती गप्प राहिली. जेवताना एक बहीण म्हणाली, "तुझ्यामुळे आपल्याला आणखी पुस्तकं मिळतील बघ." गिझेला ताट बाजूला सारून उठली.

तिसऱ्या दिवशी पहाटेची प्रार्थना संपताच ती माईंसमोर गुडघे टेकून बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

माईंचा चेहरा उतरला. "आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही, माई."

"मग असं करू. चित्रं काढायची राहिली म्हणून पुस्तक परत मागवू. गुपचूप दुरुस्त करू."

"पुस्तक परत येईपर्यंत कुणी ते पाणी प्यालं तर?"

माईंनी खिडकीबाहेर पाहिलं. घाटमाथ्यावर बर्फ दिसत होतं. मग त्यांनी दोन पत्रं लिहिली, एक दवाखान्याला आणि एक बिशपना. दोन्हींत चूक स्वच्छ लिहिली. "बेर्टाला सोबत घे," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता नीघ."

रात्रीपुरती वाटेतल्या एका गावात थांबून दोघी दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात पोचल्या. दारातच गिझेलाने विचारलं, "गुडघ्याचं औषध कुणाला दिलंत का?"

तिथले प्रमुख साधू गोंधळले. "आज सकाळीच एका यात्रेकरू बाईला दिलं. दोन चमचे प्याली आणि तोंड बधिर झालं म्हणाली. आता तिचे हातपाय गार पडलेत. कशाने, तेच कळत नाही."

"ते विष आहे!" बेर्टा ओरडली आणि आत धावली. तिने मिठाचं पाणी पाजून बाईला ओकायला लावलं, शेकोटीपाशी निजवलं. गिझेला तिचे तळवे चोळत राहिली. संध्याकाळी बाईने डोळे उघडले. पण पुढे तीन आठवडे तिला उठून चालता आलं नाही.

"मी पहिल्याच दिवशी बोलले असते, तर ही ते प्यालीच नसती," गिझेला म्हणाली. बेर्टाने तिची समजूत घातली नाही, कारण ते खरंच होतं.

बिशपनी मठाचं काम बंद केलं. बहिणी पुन्हा लोकर कातायला बसल्या. काहीजणी तर गिझेलाशी बोलेनाशा झाल्या. ती निमूट कातत राहिली.

वर्षभराने दवाखान्याच्या साधूंनी बिशपना लिहिलं, "आमच्या कपाटात वीस पुस्तकं आहेत. चुका सगळ्यांतच असणार. पण चूक कुठे आहे हे सांगायला बर्फातून कुणी आलं, असं पुस्तक एकच आहे. पुढची पुस्तकं आम्हाला त्याच मठातून हवीत."

बिशपनी काम परत दिलं. गिझेला पुन्हा लिहू लागली. मात्र तेव्हापासून तिचं प्रत्येक पान दुसरी बहीण मुळाशी ताडून मोठ्याने वाचू लागली, आणि मगच ते मठाबाहेर जाऊ लागलं.

तात्पर्य: चूक कुणाच्याही हातून होते, पण ती लपवण्यात आपण जितका वेळ घालवतो, तितका दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो.