दारावरून काढलेली नाल

"अर्धवट सेवेला काही अर्थ असतो का, बुवा?"

वामनबुवा परसात खुर्ची टाकून दोडक्याच्या वेलाकडे बघत बसले होते. आयोवातल्या उन्हात वेल चांगलाच माजला होता.

निरंजन खासनीस पुन्हा म्हणाला, "जायचं तर कायमचं जावं, बापाच्या उशाशी बसावं. नाहीतर जाऊच नये. चार दिवस पाहुण्यासारखं जाऊन तोंड दाखवायचं, हे ढोंग झालं."

"नानांनी बोलावलंय?"

"बोलता कुठे येतंय त्यांना? अर्धांगाचा झटका आल्यापासून पडून आहेत. ताई म्हणते, दार वाजलं की मान वळवून बघतात."

"कोण आलं म्हणून?"

निरंजनने वेलाचं एक पिवळं पान खुडलं.

लहानपणी मिरजेत तो बुवांच्या कीर्तनात मागे टाळ घेऊन उभा राहायचा. एक ठेका चुकला तर टाळच खाली ठेवायचा. पुढे वडिलांशी, नानांशी, भांडून अमेरिकेत आला, तो पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही. माणूस वाढला, हेका मात्र तेवढाच राहिला. यंदा इकडच्या मराठी मंडळांनी बुवांना कीर्तनासाठी बोलावलं आणि बुवा उतरले त्याच्याकडे. "बरोबर आहे तुझं," एवढं बुवांनी म्हणावं, म्हणजे निदान झोप तरी लागेल, अशी बिचाऱ्याची आशा होती.

तेवढ्यात शेजारचे वॉल्टर कुंपणाचं फाटक ढकलून आत आले.

हे घर घेतलं तेव्हा या म्हाताऱ्याने भेट म्हणून लोखंडी नालांचा एक संच आणि दोन खुंट दिले होते. निरंजनच्या बायकोने, सुलक्षणाने, नालांना हळदकुंकू लावून प्रत्येक दारावर एकेक ठोकली. खुंटांवर दोडका चढवला. अमेरिकन माणसालाही नजर लागण्याची काळजी असते, याचं नवराबायकोला केवढं कौतुक वाटलं होतं!

आज प्रथमच वॉल्टर मागच्या बाजूने आले. त्यांनी दारावरची नाल पाहिली, वेलातले खुंट पाहिले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अहो, हा खेळ आहे! आमच्या आजोबांपासूनचा. खुंट रोवायचा आणि लांबून त्यावर नाल फेकायची."

"कुंकू लावलेली वस्तू फेकायची?" सुलक्षणा म्हणाली. पण बुवाच उठले म्हटल्यावर तिने नालांना नमस्कार केला आणि एकेक काढून दिली. एक खुंट वेलाखालून निघाला. दुसरा दोडक्याने सोडला नाही.

निरंजनने पहिली नाल फेकली. ती खुंटावरून उडून गुलाबात गेली. दुसरी त्याने आणखी जोरात फेकली, ती थेट कुंपणावर आदळली. नाल खुंटात अडकलीच पाहिजे, असं त्याने दात-ओठ खाऊन ठरवलं होतं.

"मला नाही जमत," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

मग बुवा पुढे झाले. धोतराचा सोगा खोचला, नाल हातात तोलली आणि हलकेच सोडली. ती घसरत गेली आणि खुंटाच्या अलीकडे चार बोटांवर थांबली.

"चुकली," निरंजन म्हणाला.

वॉल्टर लगबगीने खुंटापाशी गेले. कुरकुरणारे गुडघे कसेबसे टेकले. हातातली नाल खुंट आणि पडलेली नाल यांच्यामध्ये धरून बघितली. अंतर तिच्या रुंदीत बसलं.

"एक गुण!" ते ओरडले.

"अडकली कुठे?"

"अडकली असती तर तीन दिले असते. नालेएवढ्या अंतरात पडली तरी एक मिळतो."

"आमच्या लगोरीत असलं चालत नाही," निरंजन चिडून म्हणाला. "लागली तर लागली. नाहीतर बाद."

वॉल्टरनी खांदे उडवले.

शेवटची, अजून न फेकलेली नाल गवतात पडली होती. बुवांनी ती उचलून निरंजनच्या हातात ठेवली. तिच्यावरचं कुंकू त्याच्या तळव्याला लागलं.

निरंजन खुंटाकडे बघत राहिला. तिथे म्हातारा अजून तसाच गुडघ्यावर बसला होता. मान वळवून इकडेच बघत होता.



"रजा चारच दिवसांची मिळेल, बुवा," तो पुटपुटला. "चार दिवसांत काय होणार?"

बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला...

"टाक तू. मोजणारा अजून आहे."