चाकू उघडेना, पिल्लू उडेना

नीट बसा मांडीवर. पाय हलवू नका. हं, आता ऐका.

एक होती शिंपीण. शिंपीण म्हणजे पानं शिवणारा इवलासा पक्षी. चोच हीच तिची सुई. तिने जास्वंदीची दोन पानं शिवली. आत मऊ घरटं केलं. घरट्यात तीन पिल्लं.

शिवायला दोरा हवा. कापूस चालतो, कोळ्याचं जाळं चालतं. पण शिंपिणीला सापडला नायलॉनचा दोरा, मासे धरायच्या गळाचा. चकचकीत! "वा! हा कधी तुटायचा नाही," ती म्हणाली. खरंच तुटला नाही. तीच तर पंचाईत झाली.

एक पिल्लू उडालं, भुर्र! दुसरं उडालं, भुर्र! तिसरं उडेना. दोरा त्याच्या पायाला गुंडाळला होता. ओढला की आवळायचा.

"चीं चीं चीं चीं!" पिल्लू रडलं.

शिंपिणीने चोच मारली. टक टक टक. दोरा तुटेना.

खाली ओट्यावर एक चाकू होता. भिकूकाकाचा, खिशातला, मिटायचा चाकू. मिटला की बोटाएवढा. काका त्याने दोर कापायचा, काठी तासायचा, पेन्सिलीला टोक करायचा, आंब्याची कलमंसुद्धा करायचा.

शिंपीण निघाली. टुण टुण, टुण टुण.

"चाकू चाकू, ऐक ना!
दोरा तुटेना,
पाय सुटेना,
पिल्लू माझं उडेना.
तू जरा उघड ना!"

चाकू म्हणाला, "मी नाही उघडत. सकाळी काकाने कुयरी कापली. कुयरी म्हणजे कोवळा फणस, त्याला चीकच चीक! काकाने मला पुसलं नाही, तसंच मिटलं. पातं बसलंय चिकटून. तेल लागलं, तर उघडेन."

"चीं चीं चीं!" पिल्लू रडलं.

शिंपीण निघाली. टुण टुण, टुण टुण. स्वयंपाकघरात खोबरेल तेलाची बाटली होती.

"तेला तेला, ऐक ना!
चाकू उघडेना,
दोरा तुटेना,
पाय सुटेना,
पिल्लू माझं उडेना.
तू जरा वितळ ना!"

तेल म्हणालं, "मी नाही वितळत. माघाची थंडी बघ केवढी! गोठून पांढरं झालंय मी. ऊन आलं, तर वितळेन."

"चीं चीं!" पिल्लू रडलं. आवाज जरा बारीक झाला होता.

शिंपीण निघाली. टुण टुण, टुण टुण. अंगणात ऊन लोळत होतं.

"उन्हा उन्हा, ऐक ना!
तेल वितळेना,
चाकू उघडेना,
दोरा तुटेना,
पाय सुटेना,
पिल्लू माझं उडेना.
तू जरा आत ये ना!"

ऊन म्हणालं, "मी नाही येत. येऊ कुठून? खिडकी बंद. खिडकी हलली, तर येईन."

शिंपीण निघाली. टुण टुण, टुण टुण.

"खिडकी खिडकी, ऐक ना!
ऊन येईना,
तेल वितळेना,
चाकू उघडेना,
दोरा तुटेना,
पाय सुटेना,
पिल्लू माझं उडेना.
तू जरा हल ना!"

खिडकी म्हणाली, "मी नाही हलत. कडी लागलीय आतून. काकी उठली, तर हलेन."

"चीं," पिल्लू रडलं. एकदाच.

शिंपीण आणखी जोरात निघाली. टुण टुण टुण टुण! चुलीपाशी मथूकाकी बसली होती. गाल फुगलेले. पाठ दाराकडे.

"काकी काकी, ऐक ना!
खिडकी हलेना,
ऊन येईना,
तेल वितळेना,
चाकू उघडेना,
दोरा तुटेना,
पाय सुटेना,
पिल्लू माझं उडेना.
तू जरा ऊठ ना!"

काकी म्हणाली, "मी नाय उठत गो बाय! यांना शंभरदा सांगितलं, चाकू पुसून मिटा. ऐकतील तर ना! वर मलाच म्हणतात, तुझीच कुयरी चिकाची! हे बोलले, 'चुकलं माझं', तर उठेन."

हे म्हणजे कोण? काकीचे हे म्हणजे आपला भिकूकाकाच.

शिंपीण निघाली. टुण टुण टुण टुण! काका पायरीवर बसला होता. गाल त्याचेही फुगलेले.

"काका काका, ऐका ना!
काकी उठेना,
खिडकी हलेना,
ऊन येईना,
तेल वितळेना,
चाकू उघडेना,
दोरा तुटेना,
पाय सुटेना,
पिल्लू माझं उडेना.
तुम्ही जरा बोला ना!"

काका म्हणाला, "मी नाय बोलत. आधी…"

आधी कोण? काकाने कोंबडीकडे पाहिलं. कोंबडी दाणे टिपत होती. मांजराकडे पाहिलं. मांजर झोपलं होतं. काकाच्या पुढे कुणीच नव्हतं.

काका विचार करायला लागला. बोटांवर मोजायला लागला. पिल्लू. पाय. दोरा. चाकू. चाकूपाशी बोट थांबलं.

चाकू कुणी मिटला होता?

काकाने वर घरट्याकडे पाहिलं. पेरभर पिल्लाचा आवाजही येईना. एवढं शांत कधी होऊ नये.

'चुकलं' हा शब्द तसा छोटासा. पण तो घशात अडकतो. मोठ्यांच्याही अडकतो, तुमच्याही अडकतो, मला माहीत आहे.

काका उठला. चुलीपाशी गेला. "मथू," तो म्हणाला, "चुकलं गो माझं. पुसायला हवा होता."

आणि मग काय!

काका बोलला, काकी उठली.
काकी उठली, खिडकी हलली. करर्र!
खिडकी हलली, ऊन आलं.
ऊन आलं, तेल वितळलं. हळूहळू हं, आधी कडेने, मग मधे.
तेल वितळलं, चाकूत गेलं. थेंब, थेंब, थेंब.
तेल गेलं, चाकू उघडला. खट्!

काकीने पिल्लू ओंजळीत धरलं. घट्ट नाही, हलकं. काकाने पात्याची धार बाहेर केली, पायापासून लांब. "हलू नको रे सोन्या," तो म्हणाला. त्याने श्वाससुद्धा घेतला नाही.

टच्!

दोरा तुटला, पाय सुटला.

पिल्लू उडालं?

नाही. बसूनच राहिलं. पाय सुजून लाल झाला होता. डोळे मिटलेले होते.

काकीचा हात तिथेच राहिला. खिडकीतलं ऊन अंगणात गेलं, अंगणातून ओंजळीत आलं. शिंपीण काकीच्या मनगटावर येऊन बसली. माणसाच्या इतक्या जवळ ती कधीच आली नव्हती. ती पिल्लाला चोचीने हळू हळू खाजवत राहिली.

पिल्लाने एक डोळा उघडला. मग दुसरा. लाल पाय टेकवला, आणि पडलं. पुन्हा टेकवला, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा टेकवला, आणि उभं राहिलं!

"चीं!"

भुर्र!

पहिलं कुठे, दुसरं कुठे, तिसरं त्यांच्याही वर! शिंपीण त्यांच्या मागे ओरडत गेली, "हळू रे! हळू!"

काका खाली वाकला. तुटलेला दोरा त्याने वेचून घेतला. सगळा, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग फडकं घेतलं आणि चाकू पुसला. एकदा पुसला. काकीकडे पाहिलं. आणखी एकदा पुसला.

काकी हसली.

पाय सुटला, पिल्लू सुटलं, काका-काकीचं भांडणही सुटलं. आता तुम्ही माझी मांडी सोडा. माझ्या पायाला मुंग्या आल्या!