पोटातल्याचा वाटा

पूर्वी करंबनगरात राजा विजितसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या रानात, शिकाऱ्यांच्या पाड्यावर जन्मला होता. शिकाऱ्याच्या घरी कसा, असे विचारू नका. करुणा काही घर बघून येत नाही. म्हातारपणी तो पाड्याचा मुखिया झाला आणि शिकारीचे वाटे करण्याचे काम त्याच्याकडे आले.

त्या पाड्याची एक गोड रीत होती. घरोघरचे वाटे काढताना मुखिया आधी मोठ्याने विचारी, "पोटातलं कुणाचं?" गर्भार बाई "माझं!" म्हणे आणि तिच्या पदरात एक वाटा जास्त पडे.

त्या वर्षी बोधिसत्त्वाची सून रेवा पहिलटकरीण होती. तिला मांसाचे डोहाळे लागले होते आणि रानात तर शिकारच उरली नव्हती. नुसते कंद खाऊन पोर वाळत चालली. अखेर तिच्या नवऱ्याच्या, तिंदुकाच्या, जाळ्यात एक हरिणी सापडली. पाय बांधून त्याने ती जिवंतच अंगणात आणली. सारा पाडा गोळा झाला.

हरिणीचे पोट पाहून बोधिसत्त्व थबकला. "अरे, ही गाभण आहे."

"असू दे की, बाबा. आजवर काय बघून मारत होतो?"

"म्हणूनच रान रिकामं झालं, लेका."

"मग रेवानं काय खायचं?"

म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिले. सून त्याची फार लाडकी. तिचे तोंड पार उतरले होते. शेवटी तो म्हणाला, "आधी रीत होऊ दे. पोटातलं कुणाचं?"

रेवाने तोंड उघडले, तेवढ्यात हरिणीच ओरडली.

सगळे हसले. रेवाही हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मामंजी, ती माझ्या आधी बोलली. तिचा वाटा तिला द्या."

"आणि तुझा, पोरी?"

"माझा रानात ठेवा. बाळाला दात आले की मागेन."

बोधिसत्त्वाने स्वतःच्या हाताने दोर सोडला. त्या दिवसापासून पाड्याने गाभण आणि पाडसवाली मादी मारणे सोडले. तिंदुक कुरकुरत लांबच्या नदीवर जाई आणि बायकोसाठी मासे आणी. रेवा सुखरूप बाळंत झाली. हळूहळू रान पुन्हा भरले आणि बाळाला दात आले तेव्हा तिने आपला वाटा हक्काने मागून घेतला.

ही कथा सांगून शास्ता, भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, भिक्षेतला पहिला घास दुसऱ्याच्या पात्रात टाकणारी भिक्षुणी सुतना, तीच तेव्हाची रेवा. त्यावरून तिच्यावर आज रुसून बसलेला हा उत्तर नावाचा भिक्खू, तो तिंदुक. मुखिया मी होतो. पण मी नुसते विचारले. उत्तर माझ्या सुनेने दिले. मागून येणाऱ्यासाठी आपला घास थांबवणे, यालाच संयम म्हणतात."